हवेतले चौदा तास

आमची ताई विमानाच्या तिकिटांच्या दुकानात बसते. काचेवर निळं विमान चिकटवलंय, त्याचा एक पंख उन्हानं सोलवटलाय आणि त्याच्यामागं बसून ही दिवसभर तेच ते उत्तर देते. माणूस कुठंही निघालेला असो, खुर्चीत टेकला की आधी विचारतो, "किती तास?" ताई फक्त हवेतले तास सांगते. मधल्या विमानतळावर ताटकळायचे, आधी जाऊन रांगेत उभं राहायचे तास ती धरतच नाही. दुकानाची रीतच तशी. "सगळे सांगितले तर गिऱ्हाईक उठून जाईल," म्हणते. संध्याकाळी घरी येते तेव्हा अंगात बोलायचंही त्राण नसतं. चपला काढते आणि भिंतीला टेकून बसते.

तिचा मुलगा जगाच्या पार दुसऱ्या टोकाला. त्याला मुलगी झाली, पण भाऊजींनी, म्हणजे ताईच्या नवऱ्यानं, नातीला अजून फोनवरच पाहिलंय. त्यांचं हृदय थकलंय. जिना चढले तरी धाप लागते. तरी नातीचा विषय निघाला की गडी निघालाच.

शेवटी डॉक्टरांकडे गेलो, तिघंही. त्यांनी विचारलं, "एकूण प्रवास किती तासांचा?"

"चौदा," ताई पटकन म्हणाली.

डॉक्टरांनी कागद पुन्हा चाळले. "तेवढं झेपेल. याहून लांब असतं तर नकोच म्हणालो असतो."

भाऊजींनी परतताना रस्त्यातच लोकरीची टोपी घेतली, तिकडे थंडी असते म्हणून. घरी आल्या आल्या माळ्यावरची बॅग खाली काढायला लावली. ताई मात्र भिंतीशी बसली ती उठेचना.

"अगं, मी हवेतलेच सांगितले," ती मला म्हणाली. "दारापासून दारापर्यंत तीस होतात."

माझं डोकंच फिरलं. "डॉक्टर काय तुझं गिऱ्हाईक आहे?"

"जिभेला वळणच पडलंय गं."

भाऊजी दारात उभे होते, डोक्यावर ती टोपी. "मला तिथंच कळलं होतं," ते म्हणाले.

"मग बोलला का नाहीत?" ताईनं विचारलं.

"म्हटलं, एकदा तुझ्या हिशोबानं जाऊन येऊ."

मला त्यांच्याकडे बघवेना. ताईनं डॉक्टरांना फोन लावला, खरं काय ते सांगितलं आणि नुसतं "बरं, बरं" म्हणत राहिली. टोपी बॅगेत गेली आणि बॅग माळ्यावर.

रविवारी मुलाचा फोन आला, ताईनं स्पीकरवर टाकला. ताई म्हणाली, "आमचं नाही जमत रे. तुम्हीच या, तिला घेऊन."

पलीकडे कुजबुज झाली. सून तिकडचीच, इकडे कधी आलेली नाही. मुलगा म्हणाला, "ही विचारतेय, बाळाला घेऊन किती तास पडतील?"

ताईनं भाऊजींकडे पाहिलं. ते जमिनीकडे बघत होते.

"चौदा," ती म्हणाली.

मुलगा हसला. "आई, तुझे चौदा मला माहितीयेत." मग त्यानं हसू आवरलं. "बरं," तो म्हणाला, "चौदाच सांगतो तिला. सुट्टी मिळाली की येतो."

ताईनं फोन खाली ठेवला.

"आणि बाकीचे तास?" भाऊजींनी विचारलं.

"ते आपण इथं बसून काढू," ताई म्हणाली, आणि त्यांना टेकायला भिंतीशी जागा केली.