कॅमेऱ्यात न दिसलेली बाई

"तोंड वर कर. हसू नको."

मी हसत नव्हते. घाबरले की माझे दात दिसतात. हवालदाराने मोबाईल नाकासमोर धरून फोटो काढला. मग डावीकडून. मग उजवीकडून. चौकीतल्या बाकावरची माणसं माझ्या टोपलीपासून लांब सरकली.

मी अर्नाळ्याची कोळीण. चंदनसारच्या एका टॉवरमध्ये नऊ वर्षं मासळी विकते. तिथल्या सातव्या मजल्यावरच्या मॅडमची सोन्याची चेन गेली होती. चौकीतल्या साहेबांनी टेबलावरचा स्क्रीन दाखवला. "आता मारझोड नाही, बाई. कॅमेराच बोलतो."

त्या सकाळी लिफ्टने वर गेलेला प्रत्येक जण त्यात दिसत होता. पार्सलवाला, गॅसवाला, कामवाल्या. मी मॅडमच्या दारात मासळी दिली होती, पण स्क्रीनवर मी नव्हतेच.

"लपून गेलीस," साहेब म्हणाले.

मी हात जोडले. आज त्याची लाज वाटते. "सायेब, मच्छीवालीला लिफ्ट बंद हाय. तशी पाटीच लावलीय. सात माले जिन्यान चढते मी."

जिन्यात कॅमेरा नाही. आमच्याशिवाय तिथून जातंय कोण?

मॅडम समोरच्या खुर्चीत बसल्या होत्या. नऊ वर्षं माझ्याकडून कोलंबी सोलून घेणाऱ्या. त्यांचा एक शब्द पुरला असता. त्या म्हणाल्या, "पाटी मासळीच्या वासामुळे लावलीय. तिचा इथे काय संबंध?"

साहेबांनी मान डोलावली. हवालदाराने ठशांचं मशीन पुढे सरकवलं. फोटोला अंगठा जोडला की मी संशयितांच्या यादीत चढणार. मग कुठल्या इमारतीत मला पाय ठेवू देतील? घर चालतं ते या टोपलीवर.

"अंगठा दे."

माझं डोकं फिरलं. जिना चढायला यांनीच लावलं. जिना चढले म्हणून चोरही यांनीच ठरवलं. आणि मी मूर्ख, नऊ वर्षं तो अपमान मुकाट गिळत आले. दोन्ही अंगठे मी मुठीत घट्ट धरले.

"पयला कागदावर ती पाटी लिवा. कोनी लावली, कवा लावली, सगला लिवा. मग अंगठा."

"आम्हाला कायदा शिकवतेस?"

"हो."

संध्याकाळपर्यंत मला उभं ठेवलं. टोपलीतली मासळी सडली. पाटीबद्दल कोणी एक ओळ लिहिली नाही. मीही अंगठा दिला नाही. शेवटी तसंच घरी सोडलं.

आता चौकीतून पुन्हा बोलावणं आलंय. जाणार आहे. कागदावर ती पाटी आल्याशिवाय मूठ उघडणार नाही. ठसा हवाच असेल, तर माझी बोटं तोडून न्या.