गणपती आहे, टाकवत नाही

संपलेल्या पेनाची रिकामी रिफिल अंगठ्याखाली धरून ताई कागदावर रेघ ओढायची, त्या रेघेवर कागद दुमडायची आणि म्हणायची, "टाकायचं न्हाई, संपवायचं." पट्टी नाही, पेन्सिलीची खूण नाही. तरी घडी इतकी सरळ, की मी एकदा खरंच मोजून पाहिली. चाकणच्या एका कंपनीत पॅकिंगला तिने वीस वर्षं खोकी दुमडली होती. निवृत्त झाल्यावर हात स्वस्थ बसेनात, म्हणून शुभेच्छापत्रं करायला लागली.

ती मूळची माण तालुक्यातली. निगडीत आमच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर एकटी राहायची. सगळे तिला ताई म्हणत, मीही.

तिच्या दाराबाहेर, जिन्याच्या वळणावर, एक लोखंडी कपाट होतं. ते जुन्या लग्नपत्रिकांनी भरलेलं असे. हा पेच तुमच्याही घरात पडला असेल. लग्न होऊन जातं, पत्रिका उरते, तिच्यावर गणपती असतो आणि घंटागाडीत टाकायला हात होत नाही. आमच्या इमारतीने यावर सोपा तोडगा काढला होता: ताईला द्यायची. दसऱ्याआधी घरं आवरायला काढली की एकेक जण गठ्ठा घेऊन तिच्या दारात उभा. "ताई, तुम्ही कार्डं करता ना? ठेवा तुम्हाला. गणपती आहे, टाकवत नाही." वर चेहरा असा, की जणू दानच केलं. तिसऱ्या मजल्यावरच्या साहेबांनी तर मुलीच्या लग्नात उरलेल्या कोऱ्या पत्रिकांची दोन खोकी आणून ठेवली. जाड कागद, सोनेरी काठ, मखमली गणपती.

ती कुणालाच नाही म्हणायची नाही. "असू द्या," एवढंच.

कार्डं मात्र करायची जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूची. सोनेरी गणपती कपाटातच. मला पसारा सहन होत नाही, आणि चांगला माल पडून राहिलेला तर त्याहून नाही.

"ताई, एवढं आहे घरात, वापरत का नाही?"

"बघू."

गेल्या वर्षी सोसायटीची सभा झाली. जिना मोकळा ठेवायचा, असं ठरलं. सेक्रेटरी मीच होते, आणि मला ते तेव्हाही पटलं होतं, आजही पटतं. आग लागली तर माणसांना पळायला वाट लागते. पण साहेब उठून म्हणाले, "वहिनी, आधी त्या बाईंचा कचरा हलवा. आम्ही काय भंगारच्या दुकानात राहतो का?"

"त्यातली दोन खोकी तुमची आहेत," मी म्हटलं.

"दिली म्हणजे त्यांची झाली की!"

सगळे हसले. हसणाऱ्यांची घरं अगदी स्वच्छ होती. का नसतील? त्यांच्या घरातलं सगळं त्या कपाटात होतं. ती स्वतः सभेला आली नव्हती, म्हणून तर हसायला सोपं गेलं.

नोटिशीवर सही माझी. दिवाळीच्या आत कपाट रिकामं केलं नाही, तर आतलं सगळं सोसायटी घंटागाडीत देईल. मी ती हातोहात घेऊन गेले. तिने उभ्यानेच वाचली.

"सही तुमचीच व्हय, सेक्रेटरीबाई?"

"माझीच."

"अक्षर बरंय." तिने नोटीस घडी करून ठेवली. "मग आता बसा. कातर हाय तिकडं."

दुपारचा चहा झाला की मी रोज तिच्याकडे जाऊन बसायला लागले. पहिल्याच दिवशी कॅलेंडरची पानं कापता कापता कपाटातल्या गठ्ठ्यातली एक पत्रिका उलटी केली, तर मागे पेन्सिलीने बारीक आकडा: २०४. दुसरीवर १०२. तिसरीवर ३०३.

"हे काय?"

"कुणाची कोणती त्ये. उद्या मागाया आलं तर?"

"अहो ताई, कोण येणार आहे मागायला?"

"लग्नाची हाय. घरात एक तरी ऱ्हावी, असं वाटंलच की कुणाला."

मी कातर खाली ठेवली. इतकी वर्षं आम्ही तिच्या दारात नको ते टाकत होतो, आणि ही बाई ते आमची ठेव समजून राखत होती. म्हणून हात लावत नव्हती! मला इतका संताप आला, की कुणावर ते आधी कळेना. मग गठ्ठ्यात २०१ निघाला. माझ्या मुलाच्या मुंजीची पत्रिका.

"आता वापरा," मी म्हटलं. "कुणी येत नाही."

तिने गठ्ठा पुढे ओढला. मग म्हणाली, "न्हाई आलं, तर आपण जाऊ."

मग प्रत्येक घराचं कार्ड त्याच घराच्या पत्रिकेतून झालं. वर गणपती, आत पत्रिकेतल्या नावांची पट्टी. साहेबांच्या जाड कागदाची पाकिटं झाली. उरलेल्या चिठोऱ्यांचीही तिने फुलं कापली. वसुबारसेला सकाळी आम्ही दोघी दारोदार फिरलो. २०४ मधल्या सुनेने कार्ड उघडलं आणि दारातच थांबली. "यात बाबांचं नाव आहे," ती म्हणाली. तिचे वडील जाऊन वर्ष झालं होतं. साहेबांनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं. "म्हणजे परत आमच्याच गळ्यात?"

ताई जिना उतरताना एवढंच म्हणाली, "संपलं बाई एकदाचं." कपाट भंगारवाल्याने नेलं.

माघात ती गेली. दोन दिवसांचा ताप. घर आवरायला माणहून भाचा टेम्पो घेऊन आला. एक कॉट, दोन पातेली, चार साड्या. अर्ध्या तासात तो खाली उतरला. "आत्यानं काईच ठिवलं न्हाई," तो मला म्हणाला, आणि टेम्पो जवळजवळ रिकामाच गेला.

ती गेल्यावरही जिन्याचं वळण महिनाभर मोकळं होतं. आता तिथे साहेबांचा चपलांचा रॅक आहे. तिसऱ्या मजल्यावर जागा पुरत नाही म्हणे. सभेत कुणी कचरा हा शब्द काढत नाही. मी साहेबांना विचारलं, तर म्हणाले, "वहिनी, चपलाच तर आहेत."

काल मी त्यांना नोटीस दिली. मुदत दिवाळीपर्यंत नाही. दोन दिवस.