पहिल्या पानावर आलेली माफी

माझ्या बायकोला माझे सगळे पासवर्ड ठाऊक आहेत. ही गोष्ट मात्र तिलाही ठाऊक नाही. तुम्हालाच पहिल्यांदा सांगतोय — सांगावीशी वाटते म्हणून नाही, आता पोटात मावत नाही म्हणून.

दोन हजार आठ-नऊचा सुमार. चंद्रपुरात माझं सायबर कॅफे होतं, वेबसाइटीही बनवायचो. जंगलाच्या गेटाजवळच्या एका मोठ्या रिसॉर्टचं काम माझ्याकडे होतं. मालकाचा एकच हट्ट — इंटरनेटवर जंगलाचं नाव शोधलं की पहिला आपला रिसॉर्ट दिसला पाहिजे. आणि दिसायचं काय? सोमाजीभाऊंच्या दोन खोल्या!

सोमाजीभाऊ त्याच गावचे गोंड शेतकरी. बैलजोडी विकून घरामागे पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधल्या होत्या. त्यांची साइटही मीच केलेली — एका दुपारी, जेवणावारी. राहून गेलेल्या पाहुण्यांनी आपापल्या ब्लॉगवर कौतुक लिहिलं, लिंका दिल्या, आणि ती तीन पानांची साइट माझ्या महिनाभराच्या मेहनतीच्या वर जाऊन बसली. मालक चिडला हे निमित्त. पोटात दुखलं ते माझ्या.

मग... कसं सांगू? आमच्याकडे मोहाच्या दिवसांत झाडाखालचा पाला जाळतात, म्हणजे साफ जमिनीवर फुलं वेचता येतात. शेंबड्या पोरालाही माहीत असतं हे. पुण्या-मुंबईच्या माणसाला कुठून असणार? साइटसाठी काढलेल्या फोटोंत एक होता — सोमाजीभाऊ, हातात जळती फांदी, मागे धूर. तेव्हा सोशल साइटींवर वन्यप्रेमींचे गट असायचे. खोट्या नावानं मी तिथे तो फोटो टाकला. खाली त्यांचं नाव-गाव देऊन इंग्रजीत लिहिलं — पाहुण्यांना वाघ दिसावा म्हणून हा माणूस जंगल पेटवतो.

लोक तुटून पडले. आणखी चार खोटी नावं घेऊन मीही तुटून पडलो, आणि दर वेळी 'जंगल जपणारं ठिकाण' म्हणून रिसॉर्टची लिंक चिकटवली. नुसत्या शिव्यांनी कोणाची साइट वर-खाली होत नसते. पण शिव्या वाचून लोक ब्लॉगवर लिहू लागले, त्या शिव्यांची आणि रिसॉर्टची, दोन्ही लिंका देऊ लागले — त्यानं होते. रिसॉर्ट वर चढला. सोमाजीभाऊंचं नाव शोधलं की आधी शिव्या, मग घर. मला मजा येत होती. मजाच — दुसरा शब्द कुठून आणू?

पाहुण्यांचे फोन बंद झाले तसे ते एसटीनं माझ्याकडे आले.

"माही साइट काऊन दिसून नाई राह्यली?"

मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. त्यांना इंग्रजी येत नव्हतं.

"का लिवलं लोकायनं? वाचून दाखव."

दाखवलं. एकेक ओळ, मराठी करून. माझ्या स्वतःच्या ओळी जरा सावकाश वाचल्या — त्यांचा चेहरा बघायचा होता ना मला!

"पाला त आपन जाळतोच. वाईट वाटलं असंन त्यायले. माह्या नावानं माफी मांगून टाक."

तिथे थांबता आलं नसतं? पाला का जाळतात, एवढं एक वाक्य लिहिलं असतं तरी पुरलं असतं. मी लिहिलं — आग लावल्याबद्दल क्षमा असावी. मोहाच्या फुलांचा शब्द नाही. खाली त्यांचं नाव. आरोपीनंच कबूल केलं म्हटल्यावर लोकांनी ती माफी जिथे तिथे लावली, आणि आठवड्याभरात त्यांचं नाव शोधलं की सगळ्यांत वर तीच. माझ्या हातून इतक्या लवकर वर चढलेलं दुसरं काही नाही. त्याचा थोडा अभिमान अजून वाटतो — सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो हा.

पाहुणा पुन्हा आलाच नाही. खोल्यांत धानाची पोती गेली. त्यांची बायको गिरजाबाई रिसॉर्टातच चादरी धुवायला लागल्या.

एकदा सोमाजीभाऊ तिथल्या फाटकाशी भेटले. माझा हात धरून म्हणाले, "तू होता म्हनून माफी त पोचली. नाई त आमच्यासाठी कोन लिवते?"

"असू द्या, भाऊ," मी म्हणालो.

सोमाजीभाऊ आता नाहीत. मरेपर्यंत ते मला आपला माणूस म्हणत राहिले. मी म्हणू दिलं.