रांजणातला खर्ज

पुण्याला इंजिनिअरिंग करणारा माझा दोस्त दिवाळीला चौसाळ्याला आला आणि माझ्या हातात एक कॅसेट कोंबून गेला. विलायतेतल्या पोरांनी तळघरात बसून केलेलं संगीत म्हणे. सोमवारी पहिल्या गाडीनं जायचंय, तोवर परत दे, असंही वर बजावलं.

घरच्या टेपवर लावली तर नुसती खरखर आणि मधूनच टिकटिक. गाणारा नाही, पेटी नाही, काही नाही. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडं गेलो. त्यानं हेड पुसलं, पट्टा बदलला, दहा मिनिटं कान लावून बसला आणि म्हणाला, "कोरी हाय बे ही. फसवलं तुला." दोस्ताला सांगितलं तर तो हसत सुटला. "सगळा खर्ज हाय ह्याच्यात. तुझ्या डबड्यातून निघतच न्हाई तो. मोठा स्पीकर आण, अंगावर घे." मोठा स्पीकर काय आमच्या दुकानात पोत्यात भरून ठेवला होता?

त्यात अण्णांचा ताप. अण्णा म्हणजे माझे वडील. हायवेला आमचं किराणा दुकान, आणि दोन वर्षांपासून अण्णांना ऐकू येईना. गिऱ्हाइकानं रवा मागितला की हे साखर बांधणार, वर म्हणणार, "लोकंच हळू बोलायलेत." डॉक्टरकडं चला म्हटलं की अंगावर येणार. खरं दुखणं वेगळंच होतं. दर सोमवारी महादेवाच्या देवळात भजनाला पखवाज अण्णांचाच असायचा. ऐकू येईना तसा ठेका सुटायला लागला, मग मंडळींनी पखवाज दुसऱ्याच्या मांडीवर दिला. तेव्हापासून अण्णा देवळाची पायरी चढले नाहीत. चला म्हणून ओरडून ओरडून माझा घसा बसला, पण हा माणूस ऐकेल तर शपथ.

रविवारी दुपारी मी वैतागून मांडववाल्याकडून जुना स्पीकर अन् आवाज वाढवायचं मशीन उचलून आणलं. आमच्याकडं टपरीवालेसुद्धा स्पीकर माठावर पालथा घालतात, आवाज जाड होतो म्हणून. मी दीडशहाणा, आधी तेलाच्या रिकाम्या पिंपावर ठेवला. अख्खं दुकान थडथडलं, बरण्या नाचल्या, आई लाटणं घेऊन बाहेर आली. मग परसातला रांजण रिकामा केला, तर भरलेलं पाणी सांडलं म्हणून तिनं आणखी ऐकवलं.

रांजणातून मात्र खर्ज आला. कानात नाही, थेट पोटात. आई म्हणाली, "मळणी यंत्र लावलं का काय?" शेजारी डोकावून, नाक मुरडून गेले. लई राग आला मला. चांगले कान असून एकालाही काही कळंना. तेवढ्यात अण्णा आले. आता हे बंद करायला लावणार, म्हणून मी आधीच तोंड वाकडं केलं.

अण्णा मात्र खाली बसले आणि रांजणाला दोन्ही तळवे लावले. मग उजव्या हाताची बोटं हलायला लागली, मागून डावा हात आला. ठेका चुकत नव्हता.

"ह्याची सम कुठं हाय?" त्यांनी विचारलं.

मला तरी कुठं माहीत होती. मी मान हलवली.

"सापडंल," ते म्हणाले. "परत लाव."

सोमवारी सकाळी दोस्त कॅसेट मागायला आला. टेपनं खाल्ली, असं मी त्याला तोंडावर सांगितलं. आत परसात रांजण घुमत होता, ते त्यालाही ऐकू येत होतं. तेव्हापासून त्यानं माझ्याशी बोलणं टाकलंय. टाकू दे.