झोत चालू असताना

म्हाळसा अमेरिकेत काय करते, असं गावात, निमोण्यात, कुणी विचारलं की तिचा बाप ज्ञानू हसून म्हणायचा, "कणांच्या धावण्याचा तपास करती." सुट्टीत तिनं त्याला समजावलं होतं. अणूच्या गाभ्यात प्रोटॉन-न्यूट्रॉन असतात. बरेचसे बेतानं फिरतात, काही मात्र भलत्याच जोरात. ते का, हे कळायला गाभ्यावर इलेक्ट्रॉनचा झोत सोडायचा आणि आपटून काय काय उडतं ते टिपायचं. यंत्र मोठं, वाटेकरी पुष्कळ. म्हाळसाच्या गटाची पाळी कधीची रखडली होती.

२००५ च्या जानेवारीत पाळी आली, आणि इकडं तिच्या आईनं, बानूबाईनं, अंथरूण धरलं. दौंडच्या डॉक्टरांनी ज्ञानूला बाजूला घेतलं. "यकृत गेलंय. लेकीला बोलावून घ्या."

दुपारी पुतण्याच्या, बन्सीच्या मोबाइलवर म्हाळसाचा फोन आला.

"आबा, झोत चालू झाला! आई कुठंय?"

खाटेवरून बानूबाईनं हात पुढं केला. तिचा आवाज पार खोल गेलेला. पोर ऐकताच सगळं टाकून निघणार, हे ज्ञानूला दिसत होतं.

"रानात गेलीया. समदं बरं हाय. तू तुजं काम कर."

बानूबाईनं हात मागं घेतला आणि भिंतीकडं तोंड केलं. त्याच आठवड्यात ती गेली.

तिचं झोताचं काम उरकल्यावरच ज्ञानूनं लेकीला कळवलं. ती आली, तेव्हा दहावंही होऊन गेलं होतं. "आईचीच इच्छा व्हती म्हणून सांग," असं ज्ञानूच्या बहिणीनं, रंगुबाईनं, त्याला बजावलं होतं. त्याला ते जमलं नाही.

"तिनं फोन मागितला व्हता. मीच दिला न्हाई."

"मी आले असते, आबा. माझ्या जागी दुसरं कुणीही बसलं असतं."

ज्ञानूला हे ठाऊकच नव्हतं. ती उठली तर यंत्र थांबेल, एवढ्या वर्षांचं पाण्यात जाईल, असं तो धरून चालला होता. तो मटकन खाली बसला. म्हाळसानं त्याला उठवलं नाही.

पुढं आकडेमोड पुरी झाली. जोरात धावणारे कण जोडीनं असतात, एकाला उडवलं की दुसरा उलट दिशेला सुटतो, असं तिनं फोनवर सांगितलं.

"म्हंजी घावलं तुला?"

"घावलं."

तिचं अभिनंदन करावं असं त्याला वाटलं. पण तो बानूबाईच्या खाटेवर बसून फोन कानाला धरून राहिला, आणि पलीकडून तिनंही फोन ठेवला नाही.