ठेवणीतले बूट

मेश्रामताईंनी बुटांचा खोका काउंटरवर ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "भाऊ, हे परत घ्या. माझं धावणं संपलं."

भर दुपार होती. पुण्यात या वेळेला दुकानात गिऱ्हाईक येणं हीच मुळात बातमी. आमचं दुकान दुपारी उघडं असतं, कारण मालकीण रेवतीमॅडम तरुण आहेत आणि त्यांना अजून दुपारच्या झोपेची गोडी लागलेली नाही. मी मात्र त्या वेळी निम्मा दुकानात आणि निम्मा आणखी कुठेतरी असतो. काचेबाहेर झाडाची सावली हलत असते, आत नव्या रबराचा वास असतो, आणि भिंतीवरचे बूट कुठेतरी जायला निघून मध्येच थांबल्यासारखे दिसतात. त्यामुळे ताई काय म्हणाल्या ते मला दुसऱ्यांदा विचारावं लागलं.

"धावणं संपलं," त्या पुन्हा म्हणाल्या. "गुडघा दुखून राहिला. डॉक्टरांनी आराम सांगितला, केला. मग हळूहळू सुरू करा म्हणाले, केलं. पुन्हा दुखला तर सोडा म्हणाले. दुखला. बूट चांगले आहेत, कोणाच्या तरी कामी येतील."

आमच्याकडे फक्त धावायचे बूट मिळतात. मी तिथला शू-फिटर. समोरच्याचा पाय बघायचा, त्याला चालायला लावायचं आणि त्याच्यासाठी कुठला बूट बरा ते सांगायचं, हे माझं काम. यात काय एवढं, नंबर विचारायचा नि खोका काढायचा, असं बऱ्याच जणांना वाटतं. मीही त्यांची समजूत घालायला जात नाही. पण हे बूट ताईंना मीच बसवून दिले होते, त्यामुळे गुडघा त्यांचा असला तरी तो मलाही दुखायला लागला.

त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा दिवाळी नुकतीच झाली होती. मूळच्या भंडाऱ्याकडच्या, लग्न होऊन खडकीला आल्या आणि तिथल्या दारूगोळ्याच्या कारखान्यात चिकटल्या. रिटायर व्हायला थोडेच महिने राहिले होते. आल्या आल्या म्हणाल्या, "मला रेसबिस नाही लावायची. हळू धावते मी. कोणी चालत असलं तर तोही पुढे निघून जाते. पण रोज धावते."

अशी गिऱ्हाइकं मला फार आवडतात. एरवी येणारे बहुतेक जण इन्स्टावर बघून येतात आणि कार्बन प्लेटचा बूट मागतात. कार्बन प्लेट म्हणजे तळव्याच्या फोममध्ये बसवलेली पातळ, कडक पट्टी. शर्यतीत जोरात पळणाऱ्याला ती उपयोगी पडते. संभाजी बागेत गप्पा मारत धावणाऱ्याला तिचा उपयोग फोटोपुरता. रोजच्या निवांत धावण्याला लागतो तो साधा बूट. दुकानात त्याला डेली ट्रेनर म्हणतात. पुढे अंगठ्याला हलायला जागा, टाच घट्ट, आणि मधला फोम, ज्याला मिडसोल म्हणतात, तो मऊ पण डळमळणार नाही इतपत. दुपारी पाय थोडे फुगतात, म्हणून माप शक्यतो दुपारनंतर द्यावं. तेवढ्यासाठी तरी आमचं दुकान त्या वेळी उघडं असण्याला अर्थ आहे.

माझी एक सवय आहे. बूट चढवला की मी गिऱ्हाइकाला डोळे मिटायला सांगतो. डोळे उघडे असले की माणूस बुटाचा रंग बघतो, आरसा बघतो, किमतीचं लेबल बघतो. मिटले की पाय बोलायला लागतो.

"काय आहे पायात?" मी ताईंना विचारलं होतं.

पहिल्या जोडाला त्या म्हणाल्या, करंगळीला लागते. दुसऱ्याला म्हणाल्या, टाच कोणी उचलून धरल्यासारखी वाटते. मग एक आकाशी रंगाचा जोड चढवला. बराच वेळ त्या नुसत्या उभ्या राहिल्या.

"काय आहे?"

"काहीच नाही जी," त्या म्हणाल्या.

मला हेच उत्तर हवं असतं. रोजचा बूट चांगला बसला की तो पायात आहे हे आठवतच नाही. मी बिल करायला वळणार, तर ताई डोळे मिटूनच बोलत राहिल्या. पहाटेचा कॅन्टोन्मेंटचा रस्ता, दोन्ही बाजूंना जुनी झाडं, थंडीत त्यांच्या शेंड्यांवर अडकलेलं धुकं. कारखान्याचा भोंगा व्हायला अजून वेळ असतो. त्या धावतात आणि थोड्या वेळानं कुठे असतात ते त्यांना कळत नाही. कधी वाटतं भंडाऱ्याच्या तळ्याकाठी आहोत, कधी वाटतं आई पुढे चालली आहे आणि आपण तिला गाठायला निघालो आहोत, पण घाई मात्र कसलीच नाही. "दिवसभर मी कोणाची ना कोणाची राहते, भाऊ," त्या म्हणाल्या. "तेवढा वेळ कोणाचीच नसते."

आणि आता त्या हेच संपलं म्हणत होत्या.

मी खोका उघडला. बूट कागदात गुंडाळून ठेवलेले. उलटे करून पाहिले. बुटाचा तळ म्हणजे माणसाच्या चालीची हजेरी असते. टाचेची कुठली बाजू आधी टेकते, पाय आत झुकतो की बाहेर, सगळं तिथे घासलेलं असतं. इथे घासलेलं काही नव्हतंच. रबरावरची बारीक नक्षीसुद्धा जागेवर होती. मिडसोलवर एक सुरकुती नाही.

"ताई, हे किती घातले?"

"दोन-तीन रविवार. ग्रुपसोबत विद्यापीठात जातो ना, तेव्हा."

"आणि रोज?"

"रोज जुनेच. मुलाचे आहेत, कॉलेजातले. थोडे मोठे होतात, पण दोन मोजे घातले की होऊन जाते."

मी खुर्चीत बसलो. मुलगा आता हिंजवडीला आयटीत होता, त्याला टक्कल पडायला लागलं होतं, हे ताईंनीच मला मागे सांगितलं होतं. त्याच्या कॉलेजच्या बुटांचा फोम आता कसा असेल? जुन्या गादीतला कापूस बसतो तसा बसलेला. शिवाय माप मोठं, म्हणजे पाय आत सरकणार. मी डॉक्टर नाही, पण तो गुडघा का कुरकुरत होता याचा अंदाज यायला डॉक्टर व्हायची गरज नव्हती.

मी त्यांना हे सगळं समजावून सांगितलं. फोम कपाटात ठेवला तरी म्हातारा होतोच, तेव्हा जपून काही हाती लागत नाही, हेही सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"समजते मला," त्या म्हणाल्या. "पण मन होत नाही. इतके मऊ बूट रोज मातीत घालायचे?"

मग त्यांनी जे सांगितलं, ते मला माहीत नव्हतं. त्यांच्या विभागात आत जाताना स्वतःच्या चपला बाहेर काढून ठेवायच्या आणि कारखान्याचे बूट घालायचे. दारात एक अडसर असतो. ते बूट अडसराच्या बाहेर आणायचे नाहीत आणि बाहेरची धूळ आत न्यायची नाही. वाळूचा खडा तळाला चिकटून आत गेला, घासला, ठिणगी पडली, तर विषय संपला. सगळी नोकरी त्यांनी अशी पायांकडे बघत काढली होती. साहजिकच रविवारीसुद्धा नवे बूट घालून त्या चिखल चुकवत, कडेकडेनं, खाली बघत धावायच्या.

"म्हणजे रविवारी तळं दिसत नाही?" मी विचारलं.

"कुठलं तळं? नजर बुटावर राहते."

मला एकदम फार वाईट वाटलं. मीच निवडलेल्या बुटांनी त्यांचा रविवार खाल्ला होता आणि मुलाच्या बुटांनी बाकीचे दिवस.

एवढ्यात रेवतीमॅडम आल्या. त्यांनी बूट हातात घेतले, उजेडात फिरवून पाहिले.

"अरे, हे तर नवेच आहेत! घेऊ की परत. मी क्रेडिट नोट करते."

"मॅडम, एक मिनिट," मी म्हणालो.

"मोहिते, आपली पॉलिसी आहे. न वापरलेले असतील तर परत."

"वापरलेले नाहीत, हाच तर घोळ आहे."

"मग तुमचं म्हणणं काय?"

माझं म्हणणं काय हे मलाही धड ठाऊक नव्हतं. एवढंच कळत होतं की हा खोका रॅकवर गेला की एका बाईचं तळं गेलं. मी ताईंना म्हटलं, "जाण्याआधी एकदाच घाला." त्यांनी चपला काढल्या, बूट चढवले. मी नाड्या बांधल्या आणि म्हटलं, "डोळे मिटा. काय आहे पायात?"

बाहेर एक रिक्षा गेली, मग तीही नाही. ताई उभ्या होत्या. खांदे हळूहळू खाली आले. चेहरा सैल झाला. त्या वेळी त्या दुकानात नव्हत्या हे कुणालाही दिसलं असतं.

"काहीच नाही," त्या अगदी हळू म्हणाल्या.

का कोण जाणे, मला आमची येरवड्याची शाळा आठवली. कुणी नवे बूट घालून आला की सगळा वर्ग टपून बसायचा आणि एकेक जण येऊन त्यावर पाय देऊन जायचा. ज्याचे बूट तो चिडायचा, पाठीमागे धावायचा, प्रसंगी रडायचा. पण एकदा का ठसा उमटला की तो सुटायचा. मधल्या सुट्टीपर्यंत तो आमच्याबरोबर मातीत फुटबॉल खेळत असायचा.

मी उभा राहिलो आणि माझा धुळीचा बूट मेश्रामताईंच्या आकाशी बुटावर ठेवला. जोरात नाही, पण पूर्ण.

"मोहिते!" रेवतीमॅडम ओरडल्या.

ताईंनी डोळे उघडले, खाली पाहिलं. आकाशी जाळीवर माझ्या तळाची नक्षी व्यवस्थित उमटली होती. त्या पदर घेऊन पुसायला वाकल्या.

"पुसू नका," मी म्हणालो.

त्या वाकलेल्याच राहिल्या. मला वाटलं, आता माझी काही धडगत नाही. या वयात गिऱ्हाइकाच्या पायावर पाय दिला म्हणून नोकरी गेली, हे घरी सांगायचं कसं, याचा मी विचार करू लागलो. मग त्यांचे खांदे हलायला लागले. त्या हसत होत्या.

"आमच्या शाळेत पण पोरी देत होत्या पाय," त्या म्हणाल्या. "मी लई रडली होती, बाप्पा. आणि मग दुसऱ्या पोरीवर मीच पहिला पाय दिला."

"आता हे परत घेता येणार नाहीत," रेवतीमॅडम म्हणाल्या.

"नाही येणार," मी म्हणालो.

ताईंनी चपला खोक्यात टाकल्या, खोका काखोटीला मारला आणि बूट घालूनच त्या पायऱ्या उतरून गेल्या. मी मागून ओरडलो, आधी डॉक्टरांना विचारा आणि मग थोडं थोडंच सुरू करा. त्यांनी हात वर केला.

मग मॅडमनी माझी हजेरी घेतली. बाईंनी गूगलवर एक स्टार दिला तर काय करायचं, हा मॅडमचा प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, मी सॉरी लिहीन. त्या म्हणाल्या, तुम्ही काहीच लिहू नका आणि कुणाच्या पायावर पाय देऊ नका. काही दिवस मी गिऱ्हाइकांपासून हातभर लांब उभा राहून बूट दाखवत होतो.

खरं सांगायचं तर माझा जीव खडकीत अडकला होता. फोन करून विचारावं तर तेही अवघड. शेवटी एका मंगळवारी पहाटे मी उठून तिकडे गेलो. मुद्दाम मंगळवारी. रविवारी बघण्यात काही अर्थ नव्हता.

धुकं होतं. झाडांचे बुंधे तेवढे दिसत होते, वरचं सगळं विरघळलेलं. रस्त्याच्या कडेला टँकरनं सांडलेलं पाणी साचलं होतं. मी चहाच्या टपरीपाशी उभा राहिलो. थोड्या वेळानं धुक्यातून पावलांचा आवाज आला, इतका सावकाश की कुणीतरी गाणं आठवत असावं. मग मेश्रामताई दिसल्या. साडी नव्हती, ट्रॅक पँट आणि मुलाचा जुना टी-शर्ट. एक म्हातारे गृहस्थ चालता चालता त्यांना मागे टाकून गेले. ताई साचलेल्या पाण्यापाशी आल्या आणि सरळ त्यातून गेल्या. पाणी उडालं. त्यांनी खाली पाहिलं नाही.

माझ्यासमोरून, हाताच्या अंतरावरून त्या गेल्या. डोळे उघडे होते, पण त्यांना मी दिसलो नाही. मी हाक मारली नाही. आपल्याला कुणी ओळखलं नाही याचा इतका आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता. त्या धुक्यात शिरल्या आणि तो आवाज थोडा वेळ तसाच येत राहिला.

पावसाळा सरता सरता त्या दुकानात आल्या. आता रिटायर झाल्या होत्या. काउंटरवर आकाशी बूट ठेवले. आकाशी म्हणायचं एवढंच, रंग गढूळ मुळा नदीचा झाला होता. मी उलटे केले. दोन्ही टाचा बाहेरच्या कडेला छान घासलेल्या, मिडसोलवर सुरकुत्याच सुरकुत्या. अशी भरलेली हजेरी बघून मास्तरांना काय वाटत असेल ते मला कळलं.

"गुडघा?"

"कधीमधी बोलते. मी ऐकून घेते," ताई म्हणाल्या. "पण आता यांचा मऊपणा गेला. दुसरे द्या."

तोच बूट, नवा जोड. डोळे मिटले. काय आहे पायात? काहीच नाही. मी खोका बांधायला घेतला, तर त्यांनी मला थांबवलं. पाय पुढे केला.

"बांधता काय? आधी पाय द्या."

मी रेवतीमॅडमकडे पाहिलं. त्या काउंटरच्या मागून उठून बाहेर आल्या.

"मोहिते, तुम्ही बाजूला व्हा," त्या म्हणाल्या. "या वेळी मी देणार."

तेव्हा रोजच्या धावण्यासाठी बूट घ्यायचा असेल तर दुपारी या, डोळे मिटून उभे राहा, आणि पायात काहीच नाही असं वाटलं की घेऊन टाका. पण दुकानातून निघायच्या आधी त्यावर कुणाकडून तरी पाय देऊन घ्या. आमच्याकडे ही सेवा मोफत आहे. त्यानंतर मात्र बूट परत घेतले जात नाहीत.