पालखी आधी कुणाच्या अंगणात?

शिमग्याला पालखी निघाली की शूटिंग कोण करणार, हा प्रश्न आमच्या भावकीत पडत नाही. मीच करतो. त्यात माझ्या कलेचा भाग थोडा. कॅमेरा माझा आहे, आणि तो दुसऱ्याच्या हातात दिला तर मी दिवसभर त्याच्या मागे सूचना देत फिरेन, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

या वर्षी मात्र मला एक खास प्रेक्षक होता, माझे काका. मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि ते माझ्या महाडच्या घरी पुढच्या खोलीत पलंगावर पडून होते. पोलादपूरच्या डोंगरातल्या आमच्या गावात पालखी देवळातून निघाली की पहिला मान काकांच्या अंगणाचा. मग शेजारचं अंगण, म्हणजे त्यांच्या चुलतभावाचं. हा चुलतभाऊ दर शिमग्याला काकांच्या पाठीवर थाप मारून म्हणतो, "पुढच्या वर्षी बघू." आणि यंदा नेमके काका गावात नव्हते.

गावाहून परतलेली काकू सांगत होती, "पहिली आपल्याकडंच आली पालखी. मी देवीची ओटी भरली, पालखीला माझ्या हातचा हार घातला."

"हार कसला, तोरण ते," काका म्हणाले. काकू झेंडूच्या फुलांमध्ये आंब्याची पानं ओवते, यावरून लग्न झाल्यापासून हे चालू आहे. "आणि मला बरं वाटावं म्हणून तू काय पण सांगशील. याच्या कॅमेऱ्यात काय हाय ते बघू."

जेवणं झाल्यावर मी पलंगाशेजारी स्टुलावर लॅपटॉप ठेवला आणि कॅमेऱ्यातलं कार्ड काढून काकांना दाखवलं.

"एवढ्याशात पालखी मावली?"

"पालखी, ढोल, सगळं गाव."

"आणि तो?"

"तो पण."

कार्ड लावलं. कॉपी होताना पडद्यावरची हिरवी पट्टी कशेडीच्या चढावरच्या भरलेल्या ट्रकसारखी सरकत होती. काका तिच्यावरून नजर हलवत नव्हते. काकू खाली बसून वाल सोलत होती. शेवटी पट्टी भरली, सगळे तुकडे कॉम्प्युटरने ओळीत मांडले, आणि मी नाटकाचा पडदा वर नेणाऱ्याच्या थाटात बटण दाबलं.

पहिलाच तुकडा चुलतभावाच्या अंगणातला. खांद्यावर पालखी घेऊन तो नाचत होता आणि वर कॅमेऱ्याकडे बघून हसत होता.

काकूचा हात थांबला.

"बघितलंस?" काका हळूच म्हणाले.

मी घाईघाईने समजावलं. काकांच्या अंगणातलं शूटिंग झालं आणि बॅटरी संपली. दुसरी घातली. कॅमेरा जुना, बॅटरी काढली की तारीख विसरतो, घड्याळ मागे जातं. आणि कॉम्प्युटर तर तारखेप्रमाणे तुकडे लावतो. म्हणून नंतरचं आधी आलं.

"किती मागं गेलं घड्याळ?"

"असेल दहा-बारा वर्षं."

"म्हंजे पालखी त्याच्याकडं दहा-बारा वर्षं आधीच गेली," असं म्हणून त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

मी ओळीच्या शेवटी जाऊन त्यांचं अंगण लावलं. काकू ओटी भरताना स्वच्छ दिसत होती. काकांनी मान वळवून पाहिलं.

"आली हाय रे. आली नाय असं कुठं म्हणतो मी? कधी आली, ते सांग."

ते मला दाखवता येईना. काहीतरी करायचं म्हणून मी पुन्हा पहिला तुकडा लावला. चुलतभाऊ पुन्हा नाचू लागला. पालखी एका बाजूला कलली आणि काका एकदम म्हणाले, "थांब. मागं घे. अजून थोडं. आता हलवू नको."

पालखीच्या पुढच्या दांड्यावर झेंडूचा हार लोंबत होता. फुलांमध्ये आंब्याची पानं.

"अगो, हे तुझं तोरण ना?"

काकू उठली, चष्मा शोधला, पदराने पुसला, डोळ्यांवर चढवला. कुठलीच घाई नाही. "माझा हार हाय तो."

"मग त्याच्या अंगणात कसा गेला?"

"पालखीत बसून गेला. आपल्याकडनं."

काका हसायला लागले, आणि मांडी दुखली म्हणून हसता हसता कण्हायला लागले. मी म्हटलं, आता तुकडे नीट क्रमाने लावून टाकतो.

"नको," ते म्हणाले. "रविवारी तो मला बघायला यायचा हाय. तेव्हा असंच लाव. बघू, खरं बोलतो का गुपचूप हसतो."

"आणि हसला तर?"

काकांनी काकूच्या सुपातले मूठभर वाल ओढून घेतले आणि पडल्या पडल्या सोलायला लागले. "मग मी त्याला हार दाखवतो."

"हार का तोरण?" काकूने विचारलं.

"हार," काका म्हणाले.